फी माफ झाली, आता खोलीभाडं कोण भरणार?

गेल्या अंकात विषय जाहीर केला होता : मुलींच्या आणि बायकांच्या शिक्षणावर कंपन्या जो पैसा खर्च करतात, त्याबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं भरपूर आली. बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न होता, "फॉर्म कुठे मिळतो?" त्याचं उत्तर पहिल्याच पत्रात देते. मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे, नंतर पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा पैसा खर्च करणाऱ्या विभागात, नोकरी केली. मागणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले आहे आणि देणाऱ्यांच्या खुर्चीतही बसले आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या क्लृप्त्या ठाऊक आहेत. पत्रलेखकांची नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मॅडम, मुलगी बारावी सायन्सला ८१ टक्क्यांनी पास झाली. सीईटीतून पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. आम्ही ओबीसी, जमीन चार एकर कोरडवाहू. फी माफ आहे म्हणतात, पण राहण्या-जेवणाचं काय करायचं? तालुक्यातला एकजण म्हणतो, मोठ्या कंपनीची स्कॉलरशिप लावून देतो, नोंदणीचे साडेतीन हजार द्या. द्यावेत का? — एक वडील, करमाळा

उत्तर : दादा, एक रुपयाही देऊ नका. कुठलीही खरी कंपनी शिष्यवृत्तीच्या अर्जाला पैसे घेत नाही, आणि तालुक्यात एजंट तर मुळीच नेमत नाही. तो माणूस तुमच्या मुलीचं आधार आणि बँकेचा नंबर मागत असेल, तर तेही देऊ नका.

आता क्रमानं जाऊ. आधी सरकारचं पदरात पाडून घ्या, कंपनी त्यानंतर. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारी कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश चालत नाही, अभिमत विद्यापीठही चालत नाही. पुण्यात पोरींची फसगत नेमकी इथेच होते. कॉलेजचं नाव सारखंच असतं, पण कागदावर ते 'युनिव्हर्सिटी' झालेलं असतं. प्रवेश पक्का करण्याआधी हे विचारून घ्या. ही माफी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून होते. ओबीसी विद्यार्थ्यांना बाहेरगावी राहण्यासाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात नाही, इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात करा. चुकीच्या दारात चार फेऱ्या मारणारे वडील मी पुष्कळ पाहिलेत.

मग कंपन्या. तुमच्या मुलीला लागू पडू शकतील अशा काही सांगते. कोटक एज्युकेशन फाउंडेशनची 'कोटक कन्या' ही बारावीनंतर नामांकित संस्थेत व्यावसायिक पदवीला गेलेल्या मुलींसाठी आहे, वर्षाला दीड लाख, उत्पन्नाची मर्यादा ६ लाख. इन्फोसिस फाउंडेशनची 'स्टेम स्टार्स' २०२३ मध्ये सुरू झाली, ती वर्षाला १ लाखापर्यंतचा शिक्षण आणि राहण्याचा खर्च उचलते. लॉरिआलची मुलींसाठीची विज्ञान शिष्यवृत्ती तर २००३ पासून आहे. आणि पुण्यातच लीला पूनावाला फाउंडेशन आहे. अल्फा लावलसारखी इंजिनिअरिंग कंपनी चालवलेल्या बाईंनी नव्वदच्या दशकात काढलेली ही संस्था पैशाबरोबर इंग्रजी, मुलाखत, चारचौघांत बोलणं हेही शिकवते. टक्केवारीच्या अटी दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच पाहा, व्हॉट्सॅपवर आलेल्या लिंकवर नको. अझीम प्रेमजी फाउंडेशनची मुलींसाठी वर्षाला ३० हजारांची शिष्यवृत्ती सध्या गाजते आहे, पण ती दहावी-बारावी सरकारी शाळेतून केलेल्या मुलींसाठी आणि ठरावीक राज्यांपुरती आहे. राज्यांची यादी वाचल्याशिवाय त्यात वेळ घालवू नका.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, कॉलेजचं बोनाफाईड, फीची पावती आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खाते, एवढं एका फाईलला लावून ठेवा. उत्पन्नाचा दाखला आजच काढा. ऑगस्टमध्ये सेतू केंद्रावर जत्रा असते.

आणि एक गोष्ट मुलीला तुम्ही नाही, मी सांगते आहे म्हणून सांगा. बहुतेक कंपन्या दुसऱ्या वर्षी पैसे देताना आधीच्या वर्षाचा निकाल बघतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला गणितात किंवा मेकॅनिक्समध्ये अडकली, एटीकेटी लागली, की काही शिष्यवृत्त्या बंद पडतात. अर्ज करतानाच विचारायचं, "एटीकेटी लागली तर काय?" यात लाज कसली. दोन शिष्यवृत्त्या हाताशी असतील आणि एक थोडी कमी रकमेची पण एटीकेटीला सांभाळून घेणारी असेल, तर मी ती घेईन.

राहिला खोलीभाड्याचा हिशेब. पुण्यात कॉट बेसिसवर चार-पाच हजार, मेस तीन हजारांच्या आसपास, वर पीएमटीचा पास आणि झेरॉक्स. म्हणजे दहा महिन्यांचे ऐंशी हजार कुठेच गेले नाहीत. फी माफ झाल्यावर सगळे म्हणतात मुलींचं शिक्षण फुकट झालं. त्यांनी एकदा सदाशिव पेठेत खोली शोधून बघावी. कॉलेजच्या स्वतःच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा, उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : नमस्कार ताई. आमची शाळा जत तालुक्यात, आठवी ते दहावी. मुली जवळजवळ निम्म्या. एका कंपनीला मुलींच्या 'डिजिटल शिक्षणासाठी' २५ टॅबलेट द्यायचे आहेत. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही आणि संध्याकाळची एसटी सव्वासहाला येते. संस्थाचालक म्हणतात, आलेली लक्ष्मी परत पाठवू नका. नाही म्हटलं तर कंपनी पुन्हा येईल का? काय करावं? — एक मुख्याध्यापक

उत्तर : सर, या पत्राला या महिन्यातली सगळ्यात जास्त जागा देते आहे, कारण असल्या टॅबलेटचे खोके मी स्वतः गाडीत भरून पोचवले आहेत.

टॅबलेटच का, ते आधी सांगते. कंपनीला टॅबलेट देणं सोपं पडतं. एका बिलात येतात, नग मोजता येतात, मुलींच्या हातात देऊन फोटो निघतो, अहवालात '२५ लाभार्थी' लिहिता येतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च पडतो. तुमच्या पाण्याच्या टाकीचा फोटो कोण छापणार? यात दुष्टपणा नसतो. सीएसआर विभागात बसलेल्या पोराला वरून विचारणा होते, "किती मुलींपर्यंत पोचलो?" त्याला आकडा द्यावा लागतो. टाकीतून आकडा काढणं अवघड असतं, एवढंच.

आता पाण्याची गोष्ट. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी शाळाशाळांत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह वर्षभरात उभं करायचं जाहीर केलं, कंपन्यांनाही हाक दिली. सरकारी कंपन्यांनी मिळून लाखाहून जास्त स्वच्छतागृहं बांधली. नंतर कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, त्यांतली काही जागेवर जाऊन तपासली. २०२० च्या अहवालात आलं की पाहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के वापरातच नव्हती, आणि सुमारे ७२ टक्के ठिकाणी आत नळाचं पाणी नव्हतं. बांधायला पैसा होता. झाडायला, धुवायला, मोटर जळली तर बदलायला नव्हता. माझ्या वर्गातल्या नववी-दहावीच्या पोरी सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत, का ते तुम्हाला सांगायला नको. महिन्याचे चार दिवस मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि परतायच्या नाहीत. मी भूमिती शिकवायचे तो तास नेमका सुट्टीनंतरचा.

म्हणून कंपनीला 'नाही' म्हणू नका, 'हे नको, ते द्या' म्हणा. तेही कागदावर. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीचं नक्त मूल्य (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्चावे लागतात. कशावर, ते सातव्या अनुसूचीत दिलं आहे. तिथे शिक्षण आहे, स्वच्छता आहे, पिण्याचं पाणी आहे, आणि मुद्दाम सांगते, महिलांसाठी वसतिगृहं उभारणंही शब्दशः आहे. कायद्याला टॅबलेटचं काही विशेष प्रेम नाही. तुमची मागणी टॅबलेटइतकीच नियमात बसते.

मागणीत बांधकाम कमी लिहा, चालवणं जास्त लिहा. पाण्याची टाकी, पाईप, मोटर, वीजबिल, सफाईसाठी अर्धवेळ बाई आणि जळलेल्या मोटरची दुरुस्ती, सगळं तीन वर्षांचं. इथे कंपनीचा माणूस म्हणेल, "आम्ही आवर्ती, म्हणजे दरवर्षी लागणारा, खर्च करत नाही." त्याला नम्रपणे सांगा की २०२१ च्या नियमांत 'चालू प्रकल्प' नावाची सोय आहे : सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो, आणि त्यासाठीचे न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवता येतात. बऱ्याच कनिष्ठ अधिकाऱ्यांना हे माहीत असतं पण कुणी मागत नाही म्हणून ते सुचवत नाहीत. मीही सुचवायचे नाही, फाईल लांबायची.

तुमची शाळा जिल्हा परिषदेची की खासगी अनुदानित, ते पत्रात नाही. संस्थाचालकांचा उल्लेख आहे म्हणून खासगी धरते. मग कंपनीचे पैसे घ्यायला संस्थेची आयकर विभागाकडची १२ए आणि ८०जी नोंदणी लागेल, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक लागेल. हे सगळं नसेल तर कंपनी आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत काम करेल. तसं झालं तर टाकी आणि मोटर कोणाच्या नावावर राहणार, हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे एकदा शाळेचं बोअर दुसऱ्याच संस्थेच्या नावावर निघालं आणि दुरुस्तीला सही कुणी करायची यावरून उन्हाळा गेला.

वेळही सांभाळा. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा कृती आराखडा फेब्रुवारी-मार्चमध्ये शिजतो. मागणी डिसेंबर-जानेवारीत टेबलावर हवी. फेब्रुवारीच्या शेवटी जो फोन येतो, "सर, लगेच काहीतरी सांगा, खर्च करायचा आहे," तो टॅबलेटचाच असतो.

एसटीला मात्र कंपनी कशाला? अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना पास फुकट आहे. तुमची अडचण पैशाची नाही, सव्वासहाची आहे. पालकांच्या सह्या घेऊन आगार व्यवस्थापकांना निवेदन द्या, शाळा सुटण्याची वेळ लिहा, सोबत दोन आया घेऊन जा. एकट्या मुख्याध्यापकाला आगारात चहा मिळतो, आयांना बस मिळते. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा खेड्यातल्या किती मुली शाळेतून गळल्या हे जतमध्ये राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू. बस वेळेवर आली नाही तर बाप सांगतो, "बस झालं आता," आणि पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर स्थळं बघायला लागतात.

आणि २५ टॅबलेट? घ्या, पण पाच घ्या. चार्जिंगला पॉईंट आणि कुलपाचं कपाट त्यांच्याकडूनच मागा.

प्रश्न : हे सगळं कर वाचवायचं आणि नाव मिरवायचं नाटक आहे. दोन टक्के देऊन अठ्ठ्याण्णव टक्क्यांची पापं धुतात. तुम्ही त्यांची वकिली का करता? — एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर

उत्तर : कर वाचवण्याचा मुद्दा तेवढा खरा नाही. २०१४ पासून आयकर कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की कलम १३५ खालचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. नाव मिरवण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा, आणि त्यात नवीन काही नाही.

तुम्हीच आठवा. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी पुढे आले आणि त्यांनी १५ लाखांची देणगी दिली. अट अशी की विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं. म्हणून आज आपण एसएनडीटी म्हणतो, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. नाव मिरवलं, मान्य. पण देण्याची रीत पाहा : साडेतीन टक्क्यांच्या कर्जरोख्यांवर १५ लाखांचं जे व्याज होतं, वर्षाला साडेबावन्न हजार, ते दरवर्षी मिळायची व्यवस्था. गिरणीवाल्या माणसाला चालवायचा खर्च कळत होता. आजच्या किती कंपन्या कुठल्या मुलींच्या कॉलेजला दरवर्षीचं व्याज देतात ते सांगा, मी त्यांची वकिली आनंदानं करेन.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तेव्हा सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत डॉ. फ्रेनी कामा या बाई होत्या. त्या काळात कुठला कायदा होता? महिंद्रांच्या ट्रस्टची 'नन्ही कली' १९९६ ची, म्हणजे सक्तीच्या बऱ्याच आधीची. शाळेच्या आधी किंवा नंतर मुलींचा रोज जास्तीचा अभ्यास घ्यायचा, हा तिचा गाभा. वरवर फारच साधं काम. पण रोज घ्यावा लागतो आणि त्यासाठी गावातलीच शिकलेली मुलगी पगारावर ठेवावी लागते, म्हणून ते मला मोलाचं वाटतं.

पापं धुण्याबद्दल मी भांडणार नाही. तुमच्या यादीत मी एक भर घालते. कायद्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं आहे. कारखाने पुणे, ठाणे, रायगड, नाशिक इथे. म्हणून पैसाही तिथेच फिरतो. देशात सीएसआरचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो आणि त्याच महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, वाशिम, धाराशिव हे चार जिल्हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहेत. चाकणच्या एका शाळेत तीन कंपन्यांचे तीन संगणक कक्ष मी पाहिले आहेत, दोन कुलूपबंद. नंदुरबारमधल्या धडगावची मुलगी मात्र दहावीनंतर कुठे राहणार, हा प्रश्न आहे तिथेच. कंपनीला आसपासच द्यायचं असेल तर चाकणलाच धडगावच्या मुलींसाठी वसतिगृह बांधा ना. अनुसूचीत बसतं.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. आमच्या शाळेत कंपनीचे लोक येतात तेव्हा आम्हा सात-आठ मुलींनाच पुढे उभं करतात, मोठा चेक धरायला लावतात. आमची नावं 'गरजू' म्हणून फळ्यावर लिहिली होती. वर्गातली मुलं चिडवतात. फोटोला नाही म्हणता येतं का? — एक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

उत्तर : म्हणता येतं, बाळ. तू अठराच्या आतली आहेस, तुझा फोटो छापण्याआधी तुझ्या आईवडिलांची परवानगी घ्यायला हवी. आई-बाबांना सांगून वर्गशिक्षकांच्या नावानं दोन ओळी लिही : 'माझ्या मुलीचा फोटो काढू नये आणि नाव जाहीर करू नये.' खाली सही. शिष्यवृत्ती त्यामुळे बंद होत नाही. कुणी तशी धमकी दिली तर ते लेखी द्यायला सांग, मग बघ कसा सूर बदलतो.

तुझ्या बाईंनाही एक सांगते, त्या हा अंक वाचत असतील तर. फळ्यावरची ती यादी आजच पुसा. पैसे मुलीच्या खात्यात जातात, वर्गाला कळायचं कारण नाही. कंपनीला फोटो हवाच असतो, तेव्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अख्ख्या वर्गाचा पाठमोरा फोटो द्या. मी कंपनीत असताना असे फोटो अहवालात लावले आहेत, एकाही संचालकानं तोंडं का दिसत नाहीत असं विचारलं नाही. मोठ्या चेकचा हट्ट बहुतेक वेळा साहेबांचा नसतो, साहेबांना खूश करू पाहणाऱ्यांचा असतो.

आणि तू चिडवणाऱ्या मुलांकडे लक्ष देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण लक्ष जातंच. दहावीचं बीजगणित नीट कर.

प्रश्न : मी रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे. वय ३४, दोन मुलं. लग्न बारावीनंतर लगेच झालं. मला ग्रॅज्युएट व्हायचं आहे. आमची कंपनी बाहेरच्या मुलींना शिष्यवृत्ती देते, बोर्डावर फोटो लावते. आम्हाला का नाही? आणि या वयात कॉलेज घेईल का? — एक कामगार

उत्तर : ताई, तुमचा राग बरोबर आहे. नियम असा की केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे कंपनीनं तुम्हाला शिकवलं तर ते तिच्या दोन टक्क्यांत मोजलं जाणार नाही. तिला मनाई नाही, फक्त त्याचा बोर्ड लागत नाही. काही कंपन्या कायम कामगारांना शिक्षणाचे पैसे एचआरच्या खात्यातून देतात. ठेकेदाराच्या माणसांना ते क्वचितच मिळतं. तरी विचारा, एकटीनं नको, लाईनवरच्या पाच-सहाजणींनी मिळून. पैसे नाही मिळाले तरी परीक्षेच्या दिवसांत पहिली पाळी पक्की करून मागा. ते कंपनीला फुकट पडतं, त्यामुळे मिळण्याची शक्यता जास्त.

वयाचा प्रश्न सोडूनच द्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुमच्यासारख्यांसाठीच आहे. बारावी झालेली आहे, बी.ए. किंवा बी.कॉम.ला थेट प्रवेश मिळेल. मध्ये किती वर्षं गेली हे कुणी विचारत नाही. अभ्यासकेंद्र शिरूरला किंवा जवळपास कुठे आहे ते विद्यापीठाच्या यादीत पाहा. पुस्तकं ते देतात, केंद्रावरचे तास बहुतेक सुट्टीच्या दिवशी असतात. प्रवेशाला आता डीईबी आयडी (दूरशिक्षणाचा ओळख क्रमांक) आणि एबीसी आयडी (श्रेयांक खात्याचा क्रमांक) लागतात, दोन्ही मोबाईलवर निघतात, मुलाला बसवा कामाला. या पदवीवर एमपीएससीला बसता येतं. "मुक्तची पदवी चालत नाही" असं सांगणाऱ्यांना कायदा ठाऊक नसतो.

आमच्या माण तालुक्यातलं एक उदाहरण सांगते. म्हसवडच्या बायकांनी चेतना गाला सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अंगठेबहाद्दर बायका बँक कशी चालवणार, म्हणून तो परत आला. त्या गावी परतून अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवू म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. नंतर एचएसबीसी बँकेच्या मदतीनं त्यांनी बायकांसाठी व्यवसायशाळा काढली, बसमध्ये वर्ग भरवून ती गावोगाव नेली. पन्नाशीच्या बायका त्या बसमध्ये चढल्या. मोठ्या कंपनीचा पैसा मला सगळ्यात नीट लागलेला दिसला तो इथे, कारण काय शिकायचं ते बायकांनी ठरवलं होतं. नफा-तोटा, हिशेबाची वही, मोबाईल. 'सक्षमीकरण' हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

बी.कॉम. घ्या, बी.ए. नको. पॅकिंगवरून स्टोअर किंवा बिलिंगला जायचं असेल तर ते उपयोगी पडेल. सोबत टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकून घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत आयटीत आहे. माझी कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालते. आम्हा सात-आठ मराठी मित्रांना महाराष्ट्रातल्या मुलींसाठी काही करायचं आहे. थेट शाळेला पाठवू का? — एक वाचक

उत्तर : थेट नको. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. पण जे अमेरिकी नागरिक झाले, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांचा पैसा परदेशी देणगी ठरतो. ती घ्यायला संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावा लागतो. साध्या शाळेकडे हे नसतं. तुमच्या कंपनीची भर तर बहुधा अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेलाच मिळेल. म्हणून महाराष्ट्र फाउंडेशनसारखी तिकडचीच संस्था पाहा, आणि ती कंपनीच्या यादीत आहे का ते तपासा.

कुणाला द्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वर पहिल्या पत्रातल्या ८१ टक्केवालीच्या मागे चार कंपन्या आहेत. जाहिराती वाचा, सगळ्यांना 'हुशार आणि गरीब' मुलगी हवी असते. आश्रमशाळेतून ५४ टक्के घेऊन बाहेर पडलेली, आई ऊसतोडीला गेल्यावर धाकट्यांना सांभाळत शिकलेली मुलगी कुठल्याच चाळणीतून खाली येत नाही. तिला इंजिनिअरिंग नको असतं. जीएनएम नर्सिंग, आयटीआय, डी.फार्म., डीएमएलटी (लॅब टेक्निशियन) असलं काहीतरी हवं असतं, दोन-तीन वर्षांचं, जिल्ह्याच्या गावी. तिच्या खोलीचे आणि मेसचे पैसे कुणी दिले तर ती शिकते, नाहीतर त्याच वर्षी तिचं लग्न होतं. टक्क्यांची अट नसलेली संस्था शोधा, नसेल तर जिला द्याल तिला ती अट काढायला लावा. देणाऱ्याचं ऐकतात.

कंपनीच्या फॉर्मवर 'एकदाच' आणि 'दरमहा' असे दोन पर्याय येतील. दरमहावर खूण करा. रक्कम निम्मी ठेवलीत तरी चालेल.